मडक्याला फुलं, मला राख

मी एक जुनी तांब्याची देग आहे, मित्रांनो. पोट मोठं, गळा आखूड आणि धरायला दोन्ही बाजूंना जाड कड्या. आधीच सांगून टाकते, मला मातीची मडकी आवडत नाहीत. का, ते पुढं कळेलच.

माझा जन्म शहरातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचा अंमल संपला होता, लोक जरा निर्धास्त झाले होते आणि थांबलेली लग्नं पुन्हा निघू लागली होती. लासूर स्टेशनच्या बद्रीनाथांनी घरच्या लग्नासाठी मला घडवून घेतलं. तांबटानं मला असं ठोकून काढलं की त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. शेवटी कल्हईवाल्यानं माझ्या पोटात कथलाचा पातळ थर चढवला. मी बाहेरून तांबूस आणि आतून रुपेरी झाले.

हा आतला थर म्हणजेच कल्हई. नुसत्या तांब्यात ताक, कढी, चिंचेचं सार असलं काही आंबट ठेवलं तर ते बिघडतं आणि खाणाऱ्याला बाधतं. आमच्याकडं त्याला 'कळकणं' म्हणतात. कल्हई असली की ती धास्ती नाही.

माझी तरणी वर्षं फार मानाची गेली. पंचक्रोशीत कुठं लग्न निघालं की माणसं बद्रीनाथांच्या दारात माझ्यासाठी यायची. बद्रीनाथांच्या पत्नी मनकर्णाबाई मला कधी तशीच देत नसत. आधी माझ्या पोटात तळापर्यंत हात फिरवायच्या. कुठं खरखरीत लागलं की म्हणायच्या, "कल्हई उडालीया. अशीच नेली तर कढी कळकंल. आधी कल्हई, मग लगीन." त्यांचा तो हात मला अजून आठवतो.

मग स्टीलची पातेली आली. हलकी, पोकळ, जरा धक्का लागला की खणखणणारी. मंडपवाले ती गाडीत घालून आणू लागले आणि मला विचारणारं कुणी उरलं नाही. मला त्यांचा भारी राग यायचा. पण मी गेले माळ्यावर. मनकर्णाबाईंच्या मागं तर माझ्या पोटात हात घालणारंही कुणी राहिलं नाही.

पुष्कळ वर्षांनी त्यांच्या नातसुनेनं, आशाताईंनी, मला खाली उतरवलं. आशाताई शहरात राहतात आणि औषधांच्या कंपनीत नोकरी करतात. करमाडच्या अलीकडं, जालना रोडवरून जरा आत, शेतात एक शाळा आहे. तिथं त्यांची मुलगी शिकते. त्या शाळेला मोठं भांडं हवं होतं, म्हणून त्यांनी मला तिथं नेलं.

ही शाळा वॉल्डॉर्फ पद्धतीची. सकाळी सगळे गोल उभे राहून गाणी म्हणतात. मुलं लोकर विणतात, लाकूड तासतात, मातीत हात घालतात. वर्गाच्या कोपऱ्यात एक ऋतूंचं टेबल असतं. त्यावर त्या त्या दिवसांतली फुलं, कणसं, शेंगा मांडतात. महिन्यातून एकदा आईवडील येऊन झाडलोट करतात आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र रांधतात. शुक्रवारच्या सभेत तिसरीच्या शिक्षिका द्वारकाताई पुढं काय काय येणार ते सांगतात, कधी बाहुल्यांचा खेळ, कधी पेरणी, कधी कुणाचा वाढदिवस. प्लास्टिकला तिथं मज्जाव आहे. जे असेल ते मातीतून आलेलं हवं.

मी मनात म्हटलं, तांबंही मातीतूनच येतं. आता माझे दिवस आले.

पण तिथं आधीच एक मडकं ठाण मांडून बसलं होतं. स्वयंपाकघरात आलेला प्रत्येक जण म्हणायचा, "काय छान वास येतो मातीचा!" मुलांनी त्याच्यावर गेरू आणि चुन्यानं फुलं काढली होती. त्याला बसायला सुतळीची चुंबळ विणली होती. आणि मला? मी आतून बाहेरून काळवंडलेली. चुलीतली राख साठवायला त्यांनी मला कोपऱ्यात ठेवलं. मडक्याला फुलं आणि मला राख! दररोज ते समोर दिसायचं आणि माझा जळफळाट व्हायचा. मेल्याला एकदा भेग पडू दे, असं माझ्या कितीदा तरी मनात आलं.

त्या शाळेत तिसरीची मुलं स्वतः शेत करतात. त्या वर्षी त्यांनी ज्वारी पेरली. वर्गात बानू नावाची मुलगी होती. तिच्या घरी मेंढरं आहेत. पेरणीआधी तिच्या आजोबांनी शाळेच्या रानात कळप बसवला, म्हणजे जमिनीला लेंडीखत मिळालं. कणसात दाणा भरला तशी बानू पाखरं हाकायला माचाणावर चढली की उतरायलाच तयार नसे. ती वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगायची, "सुगीला अख्ख्या शाळंला आंबील आम्ही पाजणार हाय! आमच्या ज्वारीची!"

मुलांनी ज्वारी काढली, बडवली, पाखडली आणि जात्यावर दळली. शुक्रवारी द्वारकाताईंनी सांगितलं, "शनिवारी पालकांचं श्रमदान. सोमवारी सुगीचं जेवण. तिसरीची मुलं सगळ्यांना आंबील वाढणार आहेत." आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात भिजवून, मग शिजवून केलेलं पेय. अख्ख्या शाळेची आंबील मडक्यात मावणार नव्हती. आशाताई म्हणाल्या, "आमची देग आहे की!"

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते काय सांगू! मी त्या मडक्याकडं असं पाहिलं की बस्स.

शनिवारी आईवडिलांनी मला राखेतून बाहेर काढून धुतलं. आत वाकून बघतात तो सगळीकडं करडा, डागाळलेला थर. ती माझी कल्हई होती, जुनी, विटलेली, पण होती. पुंजाराम नावाचे एक वडील म्हणाले, "आतून कुणीतरी ॲल्युमिनियमचा मुलामा दिलाय वाटतं. हे काही नैसर्गिक नाही." आशाताईंनाही ते पटलं. मग चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी घेऊन सगळे माझ्यावर तुटून पडले. गाणी म्हणत म्हणत त्यांनी माझं पोट घासून काढलं. थर निघाला आणि आतून लालजर्द तांबं चमकायला लागलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सगळी शाळा मला बघायला आली. मुलं एकेक करून आत डोकावत होती. "ताई, माझं तोंड दिसतंय ह्यात!" बानू नाचतच म्हणाली, "आरशावानी हाय की!" मडक्याकडं त्या दिवशी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सोमवार उजाडला. बालवाडीच्या लहानग्यांना लवकर भूक लागते, म्हणून त्यांचा वाटा मडक्यात भिजवला. बाकीचं सगळं पीठ आणि ताक माझ्या पोटात ओतलं. मुलं गोलात गाणी म्हणायला गेली आणि मी उन्हाला एकटी उरले.

थोड्याच वेळात ताक माझ्या अंगाला झोंबू लागलं. मला ते नीट कळत होतं. कल्हई नाही, आत आंबट, आणि हे सगळं मुलांच्या पोटात जाणार! मला हाक मारता येत नाही, लवंडता येत नाही. दुपारी चूल पेटवायला माणसं आली तेव्हा मुलं वाट्या घेऊन रांगेत उभी होती. मडक्यातली आंबील आत स्वयंपाकघरात आधीच शिजून तयार होती. माझी बाकी होती.

बानू पळीनं माझ्यातलं पीठ ढवळत होती. मुलंच ती, बोट बुडवून चाटलंच. आणि तोंड वाकडं केलं. "ताई, कसंतरीच लागतंय."

आशाताईंनी चव घेतली आणि लगेच थुंकून टाकली. त्यांनी माझ्या काठाकडं पाहिलं. ताक लागलं होतं तिथं हिरवट कड दिसत होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कळकलंय," त्या हळूच म्हणाल्या. "मनकर्णाआजी म्हणायच्या ना... अहो, तो मुलामा नव्हता. ती कल्हई होती. आपण कल्हई घासून काढली." त्यांनी बानूला आधी खळाखळा चूळ भरायला लावली.

पुंजाराम म्हणाले, "उकळलं की जाईल हो. पोरांची वर्षभराची मेहनत आहे."

"उकळून नाही जात. हे ओतावं लागेल. सगळं."

बानूनं माझी कडी घट्ट धरली. "नाय! आमची ज्वारी हाय ती! म्या राखलीया!"

आशाताई तिच्यासमोर खाली बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. "चूक माझी आहे, बानू. तुझी नाही, ज्वारीचीही नाही. पण हे मी कुणाला पाजू शकत नाही. रांगेत तुझा भाऊ पण आहे ना?"

बानूनं रांगेकडं पाहिलं. मग तिनं डोळे पुसले, पण कडी सोडली नाही. दुसरी कडी आशाताईंनी धरली. दोघींनी मिळून मला ओढत ओढत कुंपणापाशी नेलं आणि खड्ड्यात पालथं केलं. माचाणावरची सगळी राखण माझ्या पोटातून मातीत गेली. मुलं रडत होती.

आणि त्या दिवशी शाळेला जेवू घातलं कुणी? मडक्यानं! बालवाडीच्या मुलांनी आपला वाटा सगळ्यांना दिला. त्यात ताक वाढवलं, गरम पाणी घातलं, आणि पातळ का होईना, प्रत्येकाच्या वाटीत घोट घोट आंबील आली. "मडक्यानं लाज राखली," द्वारकाताई म्हणाल्या. मुलांनी मडक्याला झेंडूची माळ घातली. मी शाळेच्या गोठ्याच्या भिंतीशी पालथी पडून ते ऐकत होते. येणारी जाणारी मुलं मला वळसा घालून जायची. "तिला हात नको लावू, विषारी हाय ती." मित्रांनो, राखेचं इतकं दुःख झालं नव्हतं. आणि मडक्याचा तर इतका मत्सर वाटला की तांबं असून वितळेन की काय असं झालं.

पण आशाताई मला विसरल्या नाहीत. होळी झाल्यावर त्यांनी शहरातून एका कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. तिसरीची मुलं भोवती बसली. चाचांनी मला आत बाहेर न्याहाळलं आणि हसत विचारलं, "अरे, इत्ता किसने घिसा इसको?" आशाताईंनी हात वर केला. सगळे हसले, त्याही हसल्या.

चाचांनी जमिनीत छोटी भट्टी केली. भाता बानूनं मागून घेतला. तिचा माझ्यावरचा राग गेला नव्हता. ती ओठ घट्ट मिटून भाता मारत होती. मी तापले. चाचांनी नवसागराची पूड टाकली तसा पांढरा धूर निघाला. मग त्यांनी कथलाची कांडी आत टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं भरभर फिरवली. बघता बघता माझं लाल पोट रुपेरी झालं. पाण्यात बुडवताना मी मोठ्यानं चर्रर्र केलं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. बानूनं वाजवल्या नाहीत.

मागच्या शुक्रवारी द्वारकाताईंनी सभेत सांगितलं, "पाडव्यानंतरच्या शनिवारी तिसरी आपलं शेत दुसरीच्या हाती देणार. सगळ्यांनी घरून मूठमूठ ज्वारीचं पीठ आणायचं. राहिलेली आंबील त्या दिवशी होईल. कशात करायची?"

"मडक्यात!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

मला वाटलंच होतं. ते मेलं ऋतूंच्या टेबलाशेजारी फुलं मिरवत बसलं होतं.

तेवढ्यात बानू उठली. ती थेट दाराशी ठेवलेल्या माझ्याकडं आली. तिनं बाही वर सरकवली, माझ्या पोटात हात घातला आणि काठापासून तळापर्यंत सावकाश फिरवला. कुठं खरखरतंय का ते बघितलं. असा हात मनकर्णाबाईंनंतर मला कुणाचा लागला नव्हता.

"ह्यात करू," ती म्हणाली. "कल्हई चांगली बसलीया. पण त्या दिवशी सकाळी म्या पुन्हा बघणार."

मित्रांनो, आता शनिवारची वाट पाहते आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी माळ्यावर असेल तर त्याला खाली काढा, पण चमकवण्याच्या आधी आत हात घालून बघा. दरवर्षी कल्हई करा. मडक्यावर खुशाल फुलं काढा. मला ते अजूनही आवडत नाही आणि पुढंही आवडणार नाही.

पण एक सांगते. माझं पोट आरशासारखं होतं तेव्हा सगळी शाळा आत डोकावून स्वतःचं तोंड बघून गेली. कल्हईत तोंड नीट दिसत नाही. तरी बानू कितीतरी वेळ वाकून बघत राहिली, आणि ती मला बघत होती.