बावीस नंबरच्या वाफ्याचा अर्ज

मी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्यात तपासणीच्या वहीवर होतो. मशीनमधून पडणारा दर दहावा नट उचलायचा, मापायचा आणि आकडा वहीत लिहायचा. त्या वहीला खोडरबर लावायची परवानगी नव्हती, पांढरी शाईही नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही करायची. चूक झाली हे लपवायचं नाही, एवढाच त्यातला मुद्दा. सवय इतकी लागली की घरात दूधवाल्याच्या कॅलेंडरवरही मी तसंच करायचो आणि ही हसायची.

ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन चार महिने झाले होते तेव्हाची ही गोष्ट.

पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेची मोकळी जागा आहे. तिचे साठ वाफे पाडून लोकांना भाजीपाला लावायला दिले आहेत. बावीस नंबरचा वाफा अकरा वर्षं हिच्या नावावर होता. माझं काम झारी उचलायची आणि ही सांगेल तिथे खणायचं. तिथे कोणी कोणाला नावाने ओळखत नाही, सगळे नंबर. हिला बावीसबाई म्हणत आणि मला बावीसबाईंचे मिस्टर. शेजारच्या वाफ्यातले तेवीस हे निवृत्त बस ड्रायव्हर. अजूनही हॉर्न मारल्यासारखे बोलतात.

"काय मिस्टर, बावीसबाई दिसत नाहीत बरेच दिवस?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

पहिल्यांदा मी म्हणालो, "बरं नाही." दुसऱ्यांदा म्हणालो, "घरी आहे."

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. हॉस्पिटलात सगळे समोरच होते. दाखला वगैरे मोठ्या जावयाने आणला, नातेवाइकांना दोघी मुलींनी फोन केले. मला स्वतःला ते वाक्य कोणापुढे उच्चारावंच लागलं नाही. मग ते राहूनच गेलं.

दरवर्षी वाफ्याचं नूतनीकरण करावं लागतं. या वर्षी नगरपालिकेने नवीन पद्धत काढली. मागच्या वर्षीचा अर्ज स्कॅन करायचा, जे बदल असतील ते कॉम्प्युटरवर त्याच अर्जावर टाइप करायचे आणि मेल करायचं. हाताने लिहिलेले बदल घेणार नाहीत, कारण म्हणे लोकांचं अक्षर लागत नाही. सूचनेत खाली एक नियम होता. धारक वारल्यास वाफा जोडीदाराच्या नावावर होईल, पण ते मुदतीच्या आत कळवलं पाहिजे. नाहीतर वाफा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत ऐंशी माणसं होती. त्यात तेवीसांची मेहुणी आठवी होती, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं.

वाफा जायला नको होता. का, ते मला नीट सांगता येणार नाही. भाजी बाजारात मिळते. पण सकाळी साडेसातला झारी घेऊन निघायचं, हे एकच काम मला उरलं होतं.

रविवारी धाकटी आली. तिने अर्ज स्कॅन केला आणि मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर हिचं अक्षर आलं. ही थोडं डावीकडे झुकलेलं लिहायची.

"बाबा, हा फोटो आहे असं समजा," धाकटी म्हणाली. "फोटोतली अक्षरं खोडता येत नाहीत. वर पांढरी पट्टी ठेवायची आणि पट्टीवर टाइप करायचं."

"म्हणजे खालचं तसंच राहतं?"

"राहतं. दिसत नाही फक्त."

"मग ही लपवाछपवी झाली."

"झालं तुमचं नटबोल्ट सुरू! अहो, सगळं जग असंच करतं."

"सगळं जग माझ्या खात्यात असतं तर घरी गेलं असतं."

तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती अर्ज वाचत होती. 'काय लावणार' या रकान्यात हिने लिहिलं होतं: घेवडा, कांदा, टोमॅटो, पुदिना, मिरची (यांना लागते).

"आईने सरकारी अर्जात लिहिलंय हे? यांना लागते!" धाकटी मोठ्याने हसली. मग उठून कप विसळायला गेली. कप तिने मघाशीच विसळले होते.

परत येऊन तिने मला एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. पट्टी. अक्षरं. जागेवर सरकवणे. शेवटी एक बटण.

"हे शेवटचं महत्त्वाचं. ते दाबलं की पट्टी आणि अक्षरं खालच्या कागदाशी एकजीव होतात. तोपर्यंत ती नुसती वर ठेवलेली असतात. विसरू नका."

"तूच करून टाक ना आता."

"मी करते, पण कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सांगा."

मी म्हणालो, "राहू दे. मी करतो सावकाश."

मंगळवारी सकाळी बसलो. दोन बोटांनी टाइप करतो, त्यामुळे वेळ लागला. आधी 'बदलाचे कारण' घेतलं. 'धारक उपलब्ध नाहीत' असं टाइप केलं. ते वाचून वाटलं की बावीसबाई बाजारात गेल्यात. पुसलं. 'धारक हयात नाहीत' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी 'मूळ धारक वारल्या' असं लिहून पुढे तारीख टाकली. रकाना लहान होता, म्हणून अक्षरं बारीक केली.

मग नावाकडे आलो. धारकाचे नाव. तिथे हिने पूर्ण नाव लिहून खाली बारीक रेघ ओढली होती. मी पट्टी आणून ठेवली. पहिल्यांदा ती थोडी आखूड पडली आणि शेवटचं अक्षर बाहेर राहिलं. ती ओढून लांब केली. वर माझं नाव टाइप केलं. मिरचीच्या रकान्याला हात लावला नाही.

शेवटचं बटण दाबलं तेव्हा मध्येच एक चौकट उघडली. यानंतर बदल करता येणार नाही, पुढे जायचे का? खाली 'हो' आणि 'नको'.

मी बराच वेळ ती चौकट बघत बसलो. मग 'नको' दाबलं. चौकट गेली. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं, माझं नाव, तारीख, कारण. म्हटलं दिसतंय तर झालं. तसाच अर्ज पाठवला.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "एकजीव केलं ना?"

"केलं," मी म्हणालो.

दहा-बारा दिवसांनी मेल आला. अर्ज मंजूर, कार्यालयातून कार्ड घेऊन जावे. मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी गेलो, दुपारी तीनच्या सुमारास. खिडकीवर एक बाई होत्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि टेबलावर चष्मा शोधत होत्या.

"डोक्यावर आहे," मी म्हणालो.

"तिथेच असतो हो तो, मीच विसरते. नंबर?"

"बावीस."

त्यांनी गठ्ठ्यातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. कार्डावर हिचं नाव होतं, छापील. खाली पुढच्या वर्षाची तारीख.

"बाई आल्या नाहीत का?" त्यांनी विचारलं.

मी कार्डावरची तारीख पुन्हा वाचली.

"नसल्या तर तुम्ही सही करा. शेजारी 'करिता' लिहा. मिस्टरच ना तुम्ही? मग तेवढं आम्ही चालवून घेतो."

खिडकीला दोरीने बांधलेलं पेन होतं. ते मी हातात घेतलं. सही करायची जागा रिकामी होती. सही केली असती तर आणखी एक वर्ष वाफा हिच्या नावावर राहिला असता. तेवीसांनी विचारलं असतं तर घरी आहे म्हणून सांगता आलं असतं, आणि दाखवायला कार्डही असतं. मागे दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकाने घसा खाकरला.

"हे कार्ड चुकलंय," मी म्हणालो.

"नावात चूक आहे?"

"नाव बरोबर आहे." मी पेन खाली ठेवलं. "त्या वारल्या. चार महिन्यांपूर्वी."

बाईंनी चष्मा नीट केला. "अरेरे. पण काका, मग कळवायचं नाही का? मुदत आज पाचला संपतेय. तुमच्या अर्जात तर काहीच बदल नव्हता."

"बदल होता. मी टाइप केलाय. कारणसुद्धा टाइप केलंय."

"नव्हता हो. थांबा, दाखवतेच." त्यांनी अर्ज उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

अर्ज हिने लिहिला होता तसाच्या तसा होता. नाव, खाली बारीक रेघ, घेवडा, कांदा, मिरची. कारणाचा रकाना कोरा. मी टाइप केलेलं एकही अक्षर त्यावर नव्हतं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण मी तरी काय करू? तोंडी सांगितलेलं चालत नाही, मुदतीत मेलवर आलेलं मला काहीतरी दिसायला हवं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "शेवटी एक बटण होतं," मी म्हणालो. "ते मी दाबलं नाही."

"का?"

"यानंतर बदल करता येणार नाही असं आलं."

 बाई पडद्याकडे वळल्या. "म्हणजे तुमचं नुसतं वर ठेवलेलं राहिलं. आमच्या मशीनवर वरचं दाखवणं बंद असतं. लोक काय वाट्टेल ते चिकटवून पाठवतात, एकाने कोबीचं चित्र पाठवलं होतं. बघू."

त्यांनी बाजूला कुठेतरी दाबलं. पांढरी पट्टी आली आणि हिचं नाव गेलं. पट्टीवर माझं नाव. कारणाच्या रकान्यात बारीक अक्षरं उमटली. बाईंनी पुढे वाकून ती वाचली.

"पंधरा दिवसांपूर्वीच आलंय," त्या म्हणाल्या. "मुदतीत आहे. चालेल. आता मीच इथून पक्कं करते आणि नवीन कार्ड काढते."

"थांबा. ती पट्टी काढता येईल का?"

"मग दोन नावं एकावर एक येतील. वाचणार कोण?"

"पट्टी काढा, खालच्या नावावर एक रेघ मारा आणि माझं नाव वरच्या मोकळ्या जागेत घ्या. शेजारी मी सही करतो. आमच्या कारखान्यात असंच करायचे."

"हा कारखाना नाही हो, काका."

"खालचं नाव वाचता येऊ नये असं नियमात आहे का?"

त्यांनी खरंच नियमांचा कागद काढून बघितला. "नवीन नाव स्पष्ट असावं, एवढंच आहे," त्या म्हणाल्या. मागच्या माणसाने पुन्हा घसा खाकरला. "अहो, तुम्हाला खोकला असेल तर बाहेर पाणी आहे," बाई त्याला म्हणाल्या आणि पट्टी काढली.

हिचं नाव परत आलं. बाईंनी त्यावर रेघ ओढली.

"जरा वाकडी झाली," मी म्हणालो.

"काका, तुम्हाला वाफा हवाय की रेघ?"

"दोन्ही."

त्यांनी रेघ सरळ केली आणि माझं नाव वर सरकवलं. "हे मिरचीचं कंसातलं? यांना लागते. काढू?"

"नको."

"यांना म्हणजे तुम्हाला?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "करू का मग पक्कं?"

त्यांच्या पडद्यावरही तीच चौकट उघडली. मी मान हलवली आणि त्यांनी 'हो' दाबलं. छापलेल्या कागदावर मी रेघेच्या शेजारी छोटी सही केली, तारीख घातली. पेन जागेवर ठेवलं. जुनं कार्ड त्यांनी मागे घेतलं, माझं मला दिलं.

बाहेर आल्यावर धाकटीला फोन केला आणि बटण दाबलं नव्हतं हे सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." चिडली नाही.

तिथून तसाच वाफ्यावर गेलो. तेवीस नळीने पाणी घालत होते.

"काय मिस्टर, आज या वेळेला? आणि बावीसबाई?"

"त्या वारल्या," मी म्हणालो. "चार महिने झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी नळ बंद केला. नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "वाफा?"

"माझ्या नावावर झाला. आजच."

"बरं झालं," ते म्हणाले. "मेहुणीचं बघू पुढे." आणि नळी उचलून त्यांनी माझ्या वाफ्यात टाकली, नळ सोडला.

जमीन भिजल्यावर मी खणायला घेतलं. कुठे खणायचं ते सांगायला कोणी नव्हतं. मागच्या वर्षी मिरची जिथे होती तिथून सुरुवात केली.