टोकाचा साबण

मी एक जुनी काठी आहे. टेकत चालायची नव्हे आणि कुणाला मारायची तर मुळीच नव्हे. मित्रांनो, मी पाणी मोजायची काठी आहे. एका लहान शिडाच्या होडीत माझी वीस वर्षे गेली.

माझे मालक घड्याळे दुरुस्त करतात. त्यांनी मला तासून गुळगुळीत केले आणि हाताहातावर तांबडे पट्टे रंगवले. टोकाला खोबण पाडायचे मात्र मालकिणीला सुचले. तिच्याच हातात मी वावरले, म्हणून तिला अहोजाहो करत नाही. त्या खोबणीत ती कपडे धुण्याचा साबण दाबून भरायची. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मला तळाशी टेकवून वर काढले, की साबणाला रेती किंवा चिखल चिकटून यायचा. काहीच आले नाही, तर खाली खडक किंवा शेवाळ आहे असे समजायचे आणि तिथे नांगर टाकायचा नाही.

दर रविवारी मालक मागे सुकाणू धरून बसत आणि मालकीण मला घेऊन पुढच्या टोकाला उभी राही. "दोन हात, रेती," ती ओरडायची. "तीन हात, चिखल. टाका नांगर." घरी दोघे फारसे बोलत नसत. त्यांचे सगळे बोलणे माझ्यामार्फत चाले आणि मला त्याचा थोडा ताठाही होता.

मग मालकांनी खोली दाखवणारे यंत्र आणले. त्याला मी नावे ठेवणार नाही. आकडा ते अगदी बरोबर दाखवते. पहिल्याच रविवारी मालकिणीने मला पाण्यात घातले, तोंड उघडले, तेवढ्यात मागून आवाज आला, "राहू दे गं, इथे दिसतंय." असे तीनदा झाले. चौथ्यांदा तिने मला पुसून फळीखाली ठेवले. पुढच्या रविवारी तिचा गुडघा दुखू लागला. तो नेमका रविवारीच दुखायचा. मालकांनी कधी काही विचारले नाही.

दोन वर्षे मी फळीखाली पडून होते. साबण वाळून तडकला. एके काळी माझ्या शब्दावर होडी थांबायची. आता माझ्या अंगावर ओली फडकी कोंबली जात. फार एकटे वाटायचे. मालकही एकटेच होते, पण आम्ही एकमेकांच्या काही कामाचे नव्हतो.

एका दुपारी यंत्राने तीन हात दाखवले. मालकांनी नांगर टाकला आणि डबा उघडला. खाली शेवाळ होते. नांगर घसरला, वाऱ्याने होडी रेतीवर नेऊन टेकवली आणि ओहोटीचे पाणी उतरू लागले. आता भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. मालकांनी मला बाहेर काढले, पुढच्या टोकाला जाऊन उरलेल्या पाण्यात टेकवले आणि तिच्यासारखेच ओरडले, "अर्धा हात." मग त्यांनी मागे वळून पाहिले. सुकाणूपाशी कुणी नव्हते.

भरतीवर होडी सुटली. मालकांनी मला खांद्यावर टाकून घरी आणले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "आकडा दिसतो गं. पण खाली काय आहे, ते तू नसलीस की कळत नाही."

मालकीण भांडी पुसत होती. "गुडघ्याचं बघते," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. पण तिच्यामुळे कुणाचे हात रिकामे होणार असतील, तर आधी त्या माणसाला विचारा. मी आता दारामागे उभी असते. तीन रविवार होडी खुंट्यालाच बांधलेली आहे. मालक एकटे जात नाहीत. गुडघ्याविषयी ती अजून काही बोललेली नाही. पण काल तिने मला पुढे ओढले, खोबणीतला वाळका साबण सुरीने खरवडून काढला आणि नवा भरला.