फीडमधल्या चार ओळी

२०२२ सालची गोष्ट. निपाणीच्या अक्काताईचं बेळगावच्या धाकट्या बहिणीशी, शालूबाईशी, बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. आई शालूकडे वारली आणि अक्काताई पोचायच्या आत तिला नेलंही. अक्काताईनं शालूला एक अक्षर बोलू दिलं नाही. "तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाय," म्हणाली आणि परतली.

त्या साली शालूबाई स्वतःच्या वेबसाइटवर आईच्या आठवणी लिहू लागली. बातमी नात पारमितानं आणली.

"आज्जी, फोनवर फीड लावून देते. मावशीआज्जीनं नवीन लिहिलं की आपोआप इथं येतंय. रोज तिथं जाऊन बघायला नको."

"तिला कळंल?"

"न्हाय गं. पेपर कोण वाचतंय ते छापणाऱ्याला कुठं कळतंय?"

"आणि हे वर तिचं नाव हाय, ते दाबलं तर?"

"मग तिच्या वेबसाइटवर जाशील. सगळं तिथं हाय. इथं वरच्या चारच ओळी येतात."

"चार बास."

"आज्जी, वेबसाइट हाय ती, घर न्हवं."

"नाव तिचं म्हंजे घर तिचंच."

रोज चहा घेताना अक्काताई फोन उघडायची. आईची विड्या वळणारी बोटं, भिजवलेली पानं, अंगाला येणारा तंबाखूचा वास. चार ओळींत जेवढं मावेल तेवढंच. एकदा ओळ आली, 'शेवटच्या दिवशी आई म्हणाली, आक्काला...' आणि तुटली. अक्काताईचं बोट नावापर्यंत गेलं नि मागं आलं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

पुढं फीड गप्प झालं. सहा महिन्यांनी पारमितानं न विचारताच ते नाव दाबलं आणि त्या तुटलेल्या ओळीपुढचं वाचून दाखवलं. 'आक्काला आत्ता कळवू नको. तिचं ऑपरेशन ताजं हाय, तशीच धावत येईल. मला नेल्यावर सांग.' त्याखाली शालूनं लिहिलं होतं, 'मी आईला शब्द दिला होता. आक्का, वाचत असलीस तर एक फोन कर.'

अक्काताईनं लगेच फोन लावला. शालूच्या मुलानं, भीमरत्ननं, उचलला.

"मावशी, आईला झटका आलता. वाचा गेलीय. ऐकू येतंय तेवढं."

अक्काताई दुसऱ्याच दिवशी बेळगावला गेली. पुढं दर आठवड्याला जात राहिली. शालूबाई २०२४ मध्ये गेली. भीमरत्न बेळगावातच, उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला आहे. वेबसाइट त्यानं चालू ठेवली आहे. पारमिता हुबळीला शिकवते. अक्काताई एक्क्याऐंशीची आहे. तिनं शालूची माफी कितीदा मागितली, पण शालूला काय म्हणायचं होतं, ते तिला कधी ऐकायला मिळालं नाही.