कपडे वाळत घालायच्या बांबूची हरकत

मी बांबू बोलतोय. परटाच्या अंगणातला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच दात काढलेले मला खपत नाहीत. शाळा बघितली ती कुंपणाबाहेरून, त्यामुळं गोड बोलायला शिकलो नाही. जे झालं ते सांगतो.

जन्म ओढ्याकाठचा. भावंडं ढीगभर, एकमेकांच्या अंगावर पाय देऊन वाढलो. एक दिवस कोयता आला. काही भाऊ शिड्या झाले, काही टोपल्या झाले. मी लांब आणि सरळ निघालो म्हणून परटानं उचललं. त्यानं माझी पेरं तासली, तेल चोळलं आणि दोन खांबांच्या बेचक्यांत आडवा टाकला. तेव्हापासून अख्ख्या गावाची अब्रू माझ्या पाठीवर वाळते.

माणूस तोंडावरून कळत नाही, कपड्यांवरून कळतो. स्वच्छतेवर भाषण ठोकणाऱ्याच्या कॉलरला हात लावायची सोय नसते. वरून कडक इस्त्री आणि आतला बनियन म्हणजे चाळण. पण आमच्या घराचा नियम आहे, एका गिऱ्हाइकाचे कपडे दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत. दारात कुणी आलं की मालकीण आधी मोठी चादर पुढं ओढते, मग "या" म्हणते.

धंद्याला खरा आधार दवाखान्याच्या चादरींचा. सकाळी धुतलेली चादर संध्याकाळी कोरडी ठणठणीत परत गेली पाहिजे. आजारी माणसाच्या अंगाखाली कुणी दमट चादर घालत नाही. म्हणजे आमचं भांडवल काय? ऊन. मावळतीला गोदामाची उंच भिंत पहिल्यापासूनच आहे. उगवतीला मोकळी जागा होती, तिकडून पोटभर ऊन यायचं.

त्या मोकळ्या जागेवर बिल्डर उगवला. सात मजले बांधणार म्हणाला. पालिकेनं कुंपणाला कागद चिकटवला की कुणाची हरकत असेल तर कळवा.

मालकाचं टाळकंच सरकलं. "सात मजले? मग माझ्या चादरी काय चुलीवर वाळवू?"

"माझ्यावर कशाला ओरडताय?" मालकीण म्हणाली. "पालिकेत जाऊन ओरडा."

गेला. ओरडला. हरकत लिहून घेतली गेली, आणि साहेब जागा बघायला येणार असं ठरलं.

इथं आमच्या शहाण्यांनी माती खाल्ली. पालिकेचा साहेब आमचंच गिऱ्हाईक. त्याच्या बनियनला मागं दोन भोकं, लेंग्याला ठिगळ. मालकाची आई सकाळीच अंगणात येऊन उभी राहिली.

"सूनबाई, हे सगळं आत घे."

"आत्याबाई, अहो, कपडे दिसायला नकोत का साहेबांना?"

"त्यांचाच बनियन त्यांच्या शिपायासमोर टांगणार? बिल्डरही असेल बरोबर. एवढी कशी गं तू निलाजरी!"

मालकानंही आईचीच री ओढली. सगळे कपडे आत गेले. अंगण झाडलं, सडसडून धुतलं. मला खाली काढून घरामागं टेकवलं, का, तर म्हणे साहेबांच्या डोक्याला लागायला नको! मी मनात म्हणालो, लागू दे की, लागला तर उजेड पडेल. पण माझं ऐकतो कोण.

साहेब आला. चहा प्याला. अंगण बघून खूश झाला. "छान ठेवलंय हो," म्हणाला आणि वहीत लिहिलं: जागा रिकामी, कोणताही व्यवसाय दिसला नाही.

हे सुनावणीची तारीख घेऊन आलेल्या शिपायाकडून कळलं, तेव्हा मालकानं रागाच्या भरात नीळ कालवलेली बादली लाथेनं उडवली. बरं, ती नीळ दवाखान्याच्या धुतलेल्या चादरींवर. म्हणजे तो दिवसही गेला.

सुनावणीला मालकानं मला खांद्यावर टाकलं, मालकीणही बरोबर निघाली. पालिकेच्या दारात पहारेकरी आडवा आला. "काठी आत नेता येणार नाही."

"काठी नाही, साक्षीदार आहे."

आत सोडलं, पण व्हरांड्याच्या वळणावर मी मावेना. शेवटी माझं डोकं साहेबाच्या टेबलापाशी आणि पाय बाहेर व्हरांड्यात, अशी माझी साक्ष झाली. येणारे-जाणारे माझ्या पायाला ठेचकाळत होते. बरं वाटत होतं.

"हा काय प्रकार?" साहेब म्हणाला.

"ह्याच्यावर आमचे कपडे वाळतात साहेब."

"पाहणीत तर काही दिसलं नाही."

मालकिणीला राहवलं नाही. "कसं दिसेल? तुमचेच कपडे होते. चारचौघांत दिसायला नकोत म्हणून आम्ही अंगण रिकामं केलं."

साहेब कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, शरमला. पण तो लेखनिकाकडं वळला. "लिहा. अंगण रिकामं होतं, हे अर्जदारांना मान्य आहे."

ह्याला म्हणतात शिक्षण! ह्याची भोकं झाकायला आमच्या पोटावरची चादर ओढली, तर ह्यानं तीच आमच्या तोंडावर टाकली.

बिल्डरही तिथंच बसलेला, तो तेवढ्यात गोड हसला. "लोक सावलीसाठी झाडं लावतात. आम्ही फुकट देतोय, तर ह्यांची तक्रार."

"तुझ्या सावलीत तूच बस!" मालक ओरडला. त्याला बाहेर काढला. मग मलाही काढला, आधी पाय, मग डोकं.

निकाल आला: हरकत विचारात घेतली, बांधकाम मंजूर. विचारात घेतली म्हणे. कुठल्या विचारात, ते त्यांनाच ठाऊक.

आता इमारत उभी आहे. अर्धा दिवस तिची सावली, दिवस कलला की गोदामाची. मधे ऊन येतं ते वसुलीला आल्यासारखं, उभ्या उभ्या. दवाखान्याचं काम निम्म्यावर आलंय आणि उरलेलंही कधी जाईल सांगता येत नाही. माझ्या पेरांवर बुरशी धरलीय. समोर बिल्डरनं भलीमोठी पाटी लावलीय: प्रत्येक घरात भरपूर सूर्यप्रकाश. असणारच की! आमच्या अंगणातलं उचलून वर नेलंय ना.

परवा साहेब शर्ट हातात घेऊन आला. नाकाला रुमाल. "ह्याला कुबट वास येतोय. नीट वाळवत नाही का हल्ली?"

मालकीण इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेब, तुम्ही जेवढं ऊन मंजूर केलंत, तेवढ्यात एवढंच वाळतं."

साहेबानं शर्ट काखेत मारला आणि चालता झाला. आता कपडे दुसरीकडं टाकतो. बनियन तसाच असणार.

मालकानं वरच्या कचेरीत अर्ज केलाय. बिल्डरला अजून दोन मजले चढवायचेत, निदान ते तरी अडावेत म्हणून. पुन्हा पाहणी होणार आहे. म्हातारीनं स्वतःच सांगितलंय, "ह्या वेळी सगळ्यांचं सगळं बाहेर टांगा. लाज त्यांना वाटू दे."

तुमच्या शेजारी असा कागद चिकटला तर वाचा बाबांनो. आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पुढं जाऊ नका. ऊन कुणाच्या बापाचं नसतं असं मलाही वाटायचं. निघालं की बिल्डरच्या बापाचं.

बरं, पुरे. ऊन आलं बघा. मालकीण चादरींची टोपली घेऊन पळत येतेय, तिला आत्ता माझी पाठ पाहिजे. बाजूला व्हा जरा. तुमचीही सावली पडतेय.