चाड्यावरची मूठ

मित्रांनो, गोठ्यात मान वर केलीत तर आढ्याला टांगलेली दिसेल ती मीच, जुनी पाभर. माण तालुक्यातल्या कोरड्या रानात बाजरी पेरायचे माझे काम. नाथाजी सुताराने मला बाभळीतून घडवले. माझ्या माथ्यावर लाकडी वाटीसारखे चाडे आहे. त्यात बी सोडले की ते नळ्यांतून मातीत उतरते. पेरणीची पहिली मूठ चाड्यावर सवाष्णीनेच धरायची, ही आमच्याकडची रीत. औत हाकायचे ते गड्याने.

ही रीत अर्धी मोडली ती लढाईने. सीमेवरची धुमश्चक्री वर्षानुवर्षे मिटेना आणि आमच्या आळीतले गडी तिकडेच अडकले. पेरणीच्या दिवसांत रजा कुणालाच मिळत नसे. वीरधवलची बायको संयोगिता पहिल्यांदा बैलांमागे उभी राहिली तेव्हा पारावरचे म्हातारे हसले. पुढे त्यांच्याही सुना औत धरू लागल्या आणि हसू आपोआप बंद झाले. मला विचाराल तर संयोगिताइतका सरळ तास वीरधवललाही कधी जमला नाही. मला तिचा फार अभिमान वाटे.

मग एका उन्हाळ्यात वीरधवल तिरंग्यात गुंडाळून आला. सारा गाव रडला. संयोगिताला शाल मिळाली, नारळ मिळाला, वीरपत्नी म्हणून नाव मिळाले.

मृगाचा पाऊस झाला. धाकटा दीर जयराज गोठ्यात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "वैनी, औत खुशाल धरा. मूठ तेवढी सवाष्णीची पायजे."

शेजारच्या दीपमालाने येते म्हणून सांगितले होते. तिचा नवराही सीमेवर होता. सकाळ सरली तरी ती आली नाही. विधवेच्या रानात मूठ धरली तर आपल्याही कुंकवाला धक्का लागेल, असे तिच्या सासूने तिला बजावले होते. दीपमालाचा मला राग आला नाही. भ्यायलेल्या माणसावर काय रागवायचे?

ऊन चढत होते. ओल उडाली की पेरणी गेली आणि पेरणी गेली की वर्षाची भाकरी गेली. बांधावर संयोगिताची सासू बनुबाई उभी होती. तिचा नवराही आधीच्या एका लढाईत पडला होता. तेव्हापासून तिने मला बोटही लावले नव्हते.

"धर मूठ," ती म्हणाली.

"आत्या, गाव काय म्हणंल?"

"मी जलमभर बांधावर हुबी ऱ्हायले. म्हणून काय पाऊस येळंवर आला व्हय?"

संयोगिताने चाड्यावर मूठ धरली. बनुबाईने कासरा घेतला, सुनेने बी सोडले आणि दोघींनी मिळून रान पेरले.

पुढे पाऊस दडला. माणदेशाला दुष्काळ काही नवा पाहुणा नव्हे. साऱ्या शिवारातली बाजरी करपली, सवाष्णींनी पेरलेलीसुद्धा. पण बोल लागला तो एकाच हाताला. वैरणीवाचून संयोगिताने बैल विकले. पुढच्या साली तिला कुणी बैल दिले नाहीत. आता जयराज ट्रॅक्टरने ते रान पेरतो आणि मनाला येईल तेवढी बाजरी तिच्या दारात टाकतो. पेन्शन बनुबाईच्या मिरजेच्या दवाखान्यात जाते. संयोगिता लोणंदच्या बाजारात कांदा निवडते. एवढी हातातली विद्या, पण ती वाया गेली.

शाळा गोठ्याला लागूनच आहे. दरवर्षी पंधरा ऑगस्टला वीरपत्नी म्हणून संयोगिताला झेंडा फडकवायला बोलावतात. ती दोरी ओढते, टाळ्या पडतात, जयराजही वाजवतो. यंदा तिची लेक उत्कर्षा परत येताना माझ्याखाली थांबली.

"आई, झेंड्याच्या दोरीला तुजा हात चालतू, मग चाड्याला का न्हाई?"

संयोगिताने वर माझ्याकडे पाहिले आणि पदराने हात पुसले. त्या हातांना कांद्याचा वास होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्यांनी सांगायचे असते. मला जपू नका. मला तेलपाणी नको, शाळेच्या प्रदर्शनातली जागाही नको. फक्त एकदा खाली उतरवा आणि त्या बाईची मूठ माझ्या चाड्यावर राहू द्या. आढ्याला वाळवी लागली आहे. जमले तर येत्या मृगालाच या.