कठड्याचा जोड

प्रयोगशाळेतल्या लोखंडी चौकटीत पुलाचा काँक्रीटचा कठडा उभा केला होता. कारखान्यात ओतून आणलेला, खालच्या स्लॅबला बोल्टांनी जखडलेला. भरधाव ट्रक आदळला तर हा जोड टिकेल का, ते जॅकने रेटून बघायचं होतं. चाचणी ताईची होती आणि जोडात सिमेंटचा मसाला भरला होता तिच्या मिस्त्री बाबांनी. घरात धाकट्या भावंडांनी लावलेलं ताई हे नाव तिला इथेही चिकटलं होतं.

साहेबांनी विचारलं होतं, हवं तर दुसऱ्या कुणाला सांगतो. ती नको म्हणाली. बाबांना मात्र तिने परोपरीने सांगून पाहिलं, येऊ नका. ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच हजर.

जॅक रेटू लागला. ताई आवाज होईल तितका कोरडा ठेवून आकडे वाचत होती. ठरलेल्या भाराच्या बऱ्याच अलीकडे खालून काड्कन आवाज आला, बोल्ट उचकटले आणि कठडा मागे कलला. तिने जॅक बंद केला. बाबांकडे बघायचा धीर होईना.

तेच पुढे आले. उकिडवे बसून त्यांनी तड्यात बोट घातलं. बोल्टाभोवती सिमेंटचा मसाला पोहोचलाच नव्हता, आत पोकळी होती. भरताना ऊन कडक होतं, मसाला आळायला लागला होता, तरी मी तसाच ढकलला, असं ते हळूच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पुलावर असता तर?"

ताई म्हणाली, "गाडी खाली गेली असती, बाबा."

"मग नापास लिही. माझं तोंड बघून हात आखडू नकोस."

इतका वेळ धरून ठेवलेलं पाणी तिच्या डोळ्यांत आलंच. बाबा म्हणाले, "डोळे पूस. मिस्त्री नापास झाला आणि इंजिनिअर रडतेय, लोक काय म्हणतील?" तिला रडता रडता हसू फुटलं.

बाबांनी नवा जोड सावलीत, सवडीने भरला, आतली हवा निघायला वाट ठेवून. दुसऱ्या चाचणीला मात्र ते आत आले नाहीत. फाटकापाशी येरझाऱ्या घालत राहिले. या वेळी ठरलेला भार कधीच मागे पडला. ताई रेटतच राहिली. शेवटी कठड्याचं काँक्रीट वरून फुटलं, पण जोड तसूभर हलला नाही.

ती धुळीने माखून बाहेर आली. बाबांनी तिचा चेहरा पाहिला आणि निकाल विचारलाच नाही.

"जेवलीस का?" एवढंच म्हणाले.