सतराव्या चौकटीतली मावशी

संग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावर 'कर्तबगार स्त्रिया' नावाचं दालन होतं. त्यात सोळा नंबरला एक राणी होती, अठरा नंबरला पडद्यावरची पहिली खलनायिका होती, आणि मधल्या सतराव्या चौकटीत अर्धविरामची मावशी होती. राणीने तीन लढाया जिंकल्या होत्या. खलनायिकेने अकरा नायकांना विष पाजलं होतं. मावशीने आयुष्यात एकच लढाई जिंकली होती, ती इमारतीतल्या पार्किंगची, आणि तीही समोरचा माणूस घर सोडून गेला म्हणून.

अर्धविराम हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. तो ज्या छापखान्यात प्रदर्शनांच्या पॅनलांची मांडणी करायचा, तिथे त्याला सगळे असंच म्हणायचे. पोरगा बोलायला सुरुवात करायचा, मध्येच थांबायचा, आणि उरलेलं वाक्य ऐकणारा आपापल्या सोयीने पुरं करायचा. एकदा रजा मागायला गेला, "मालक, मला वाटतं," एवढं बोलून थांबला. मालकांनी उठून खिडकी लावून घेतली आणि बरं झालं सांगितलंस म्हणाले. रजा बुडालीच, वर महिनाभर खिडकीही बंद राहिली.

सतराव्या चौकटीत खरं तर ज्यांचा चेहरा हवा होता, त्या बाई सिनेमाच्या वाद्यवृंदासाठी स्वरलेखन करायच्या. संगीतकार सकाळी येऊन चाल गुणगुणायचा, आणि दुपारपर्यंत या बाई चाळीस वादकांच्या हातात चाळीस वेगवेगळे कागद ठेवायच्या. व्हायोलिननी कुठे शिरायचं, बासरीने कुठे गप्प बसायचं, सगळं त्यांच्या हातचं. पडद्यावर नाव मात्र कधी आलं नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या. मागे उरला स्वरलेखनाचा एक सही केलेला कागद आणि म्हाताऱ्या वादकांच्या आठवणीतून गोळा केलेल्या तीन ओळी. फोटो एकही नाही.

आता छापखान्याची रीत अशी, की खरा फोटो येईपर्यंत त्या जागी कोणताही फोटो भरायचा, म्हणजे मांडणी कशी दिसते ते कळतं. याला तिथे भरतीचा फोटो म्हणायचे. पुरुष असेल तर मालकांचा फोटो भरायचे, त्यामुळे मालक आजवर दोन सेनापती, एक शास्त्रज्ञ आणि गुडघेदुखीचा रुग्ण होऊन गेले होते. बाईच्या जागी काय भरायचं याचा नियम नव्हता, कारण आजवर बायकांची पॅनलं फारशी आलीच नव्हती. अर्धविरामने नुकतेच मावशीचे जुने अल्बम स्कॅन करून दिले होते. त्यातला एक त्याने उचलला. मावशी तेव्हा बत्तीस वर्षांची, कोणाच्या तरी लग्नात, मान किंचित वळवून लांब कुठेतरी बघते आहे. फोटो भरतीचा आहे हे कळावं म्हणून रिवाजाप्रमाणे त्याने त्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लाल फुली मारली. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

चुकलं ते शेवटच्या दिवशी. संग्रहालयाकडून निरोप आला की सगळं दालन जुन्या फोटोंसारखं तपकिरी करा. मालकांनी चोवीसच्या चोवीस पॅनलं एका दमात तपकिरी केली. लाल फुलीही तपकिरी झाली, फिकटली, आणि जुना फोटो कित्येक वर्षं चार घड्या घालून पाकिटात ठेवल्यावर जशा चिरा पडतात, हुबेहूब तशी दिसू लागली. भरतीचा म्हणून मारलेल्या खुणेनेच फोटो अस्सल ठरला, आणि छापखान्यानेच तो कुठूनतरी मिळवला असं संग्रहालयाने धरलं. संग्रहालय सांभाळणाऱ्या क्युरेटरबाई पॅनलासमोर उभ्या राहून म्हणाल्या म्हणे, की कोणीतरी हा किती जिवापाड जपला असेल.

अर्धविरामने हे पाहिलं ते उद्घाटनाच्या चौथ्या दिवशी. त्याने मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, क्युरेटरबाईंना सांग. तो क्युरेटरबाईंकडे गेला, "बाई, सतरा नंबरला जो फोटो," एवढं म्हणाला, आणि त्यांनी त्याला खुर्ची देऊन पाणी मागवलं, कारण तो फोटो पाहून बरेच लोक असेच गहिवरत होते. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं कागदावर लिहून नेलं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. मग दार लावून घेतलं.

बाई वाईट नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या. या दालनासाठी सात वर्षं त्या वरच्या समितीशी भांडल्या होत्या. समितीचा नियम साधा होता: फोटो नाही तर चौकट नाही. याच नियमाखाली एक गायिका, एक छायालेखिका आणि एक बंडखोर सरदारीण आधीच गळल्या होत्या. सतरा नंबरचा फोटो उतरवला तर सतरा नंबरही उतरणार, आणि त्या जागी आग विझवायचं लाल नळकांडं लागणार, कारण अग्निशमनवाल्यांचं त्या भिंतीवर पहिल्यापासून लक्ष होतं. तरी नियमाने दुरुस्ती हवीच असेल तर अर्ज आहे, असं म्हणून त्यांनी अर्ज पुढे केला. अर्जात एकच रकाना सक्तीचा होता: योग्य छायाचित्र सोबत जोडले आहे.

अर्धविरामने तो अर्ज घरी नेला आणि दोन आठवडे योग्य छायाचित्र शोधलं. जुने स्टुडिओ पालथे घातले. एका नव्वदी ओलांडलेल्या सेलोवादकाला गाठलं. तो म्हणाला, बाईंना मी चांगला ओळखायचो, चार वर्षं त्यांच्या पाठीमागेच बसत होतो. म्हणजे त्यांचा अंबाडा तो नक्की ओळखू शकला असता.

तोवर मावशी हाताबाहेर गेली होती. फोटो पेपरच्या पुरवणीत आला, मग शाळेच्या पुस्तिकेत आला, मग संगीत महाविद्यालयाने त्यावरून मोठं तैलचित्र करून जिन्यात लावलं. एका अभ्यासकाने त्या नजरेवर आठ पानी लेख लिहिला. ही नजर समोरचं काही पाहत नाही, ती अजून न वाजलेला स्वर ऐकते आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मावशीच्या आठवणीप्रमाणे ती आइस्क्रीम संपत आलंय का ते बघत होती. आणि संपलंच.

मावशीला त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, कारण त्या अल्बममध्ये तिचे याहून कितीतरी बरे फोटो होते. मग तिने तो लेख चष्मा लावून वाचला आणि चौतिसाव्या वर्षी आपण गेलो ही ओळ दोनदा वाचली. नंतर नंतर ती सतरा नंबरच्या बाईंबद्दल घरच्यासारखं बोलू लागली. चाळीस कागद एका सकाळी म्हणजे बोटं दुखत असणार गं बाई, पुरुषांना काय, गुणगुणून मोकळे. कोणी विचारलंच तर काही तरी सांगता यावं म्हणून तिने व्हायोलिनला किती तारा असतात तेही पाठ केलं.

आणि मग क्युरेटरबाईंचा फोन आला. सतरा नंबरच्या बाईंची मुलगी सापडली होती. पुरवणीतला फोटो पाहून तिनेच संग्रहालयाला पत्र टाकलं होतं. वय बहात्तर. आई गेली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. वडिलांनी दुसरं लग्न केलं, त्याआधी पहिलीचे सगळे फोटो नेऊन कुठे टाकले ते कोणालाच कळलं नाही, आणि घरात पुन्हा तिचा विषय निघाला नाही. बहात्तर वर्षांत तिने आईचा चेहरा पाहिलेला नव्हता. पेपरातला बारीक होता, आता मोठा बघायला ती दिवसभराचा प्रवास करून येत होती. संग्रहालय तिला फोटोची एक मोठी प्रत भेट देणार होतं. ती प्रत छापून, चौकटीत बसवून अर्धविरामने शुक्रवारी अकरा वाजता आणायची होती.

अर्धविरामने विचारलं, "बाई, तिला कोणीतरी," आणि थांबला.

क्युरेटरबाईंनी वाक्य पुरं केलं नाही.  मग त्या म्हणाल्या, "मला नाही जमणार रे. तुला जमलं तर बघ."

शुक्रवारी तो मावशीला खाकी कागदात गुंडाळून, काखेत मारून जिना चढला. रात्रभर त्याने वाक्य घोकलं होतं. आठच शब्द होते. बाईंची मुलगी, म्हणजे बहात्तरच्या आजी, आधीच येऊन बसल्या होत्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, हातात काठी, पायाशी पिशवी. क्युरेटरबाई खाली पाहुण्यांसाठी फुलं आली का ते बघायला गेल्या होत्या आणि फुलं बघायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ वर येत नव्हत्या.

आजी उठून चौकटीसमोर गेल्या. आधी लांबून पाहिलं. मग चष्मा बदलून जवळून पाहिलं. मग पिशवीतून छोटा आरसा काढला आणि एकदा आरशात, एकदा भिंतीवर असं पाहू लागल्या. अर्धविराम मागे उभा होता. घोकलेले आठ शब्द घशाशी येत होते आणि परत जात होते.

"कान माझेच आहेत," आजी आरशाला म्हणाल्या. "सासू म्हणायची, हे असले कान कुठून उचलून आणलेस. आता दाखवायला सासू नाही."

तेव्हा तो बोलला. वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न थांबता निघालं. नेमकं हेच वाक्य अर्धं राहिलं असतं तर चाललं असतं, असं त्याला ते संपता संपता वाटलं.

"आजी, ही तुमची आई नाही, माझी मावशी आहे."

आजींनी आरसा खाली घेतला. कुठे दुखलं तर माणूस आधी कुठे दुखलं ते बघतो, तशा त्या जरा थांबल्या. मग त्यांनी एकेक विचारलं आणि त्याने एकेक सांगितलं. भरतीचा फोटो, फुली, तपकिरी रंग. मावशी जिवंत आहे का? आहे. गाते का? नाही. वय किती? अठ्ठावन्न. म्हणजे माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, आजी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. ते हसू चेहऱ्यावर किती वेळ ठेवायचं हे न कळल्यासारखं ते तिथेच राहिलं.

अर्धविरामने घाईघाईने त्यांना शेजारच्या काचपेटीकडे नेलं. तिथे तो स्वरलेखनाचा कागद होता. ही सही खरी आहे, तो म्हणाला, हे अक्षर त्यांचं स्वतःचं आहे, यात काहीच चूक नाही. आजी कागदावर वाकल्या. ओळी, ठिपके, शेपट्या, एका कोपऱ्यात शाईचा डाग.

"मला यातलं काही वाचता येत नाही रे," त्या म्हणाल्या. "आणि अक्षराला तोंड नसतं."

"मी फोटो उतरवायचा अर्ज भरून देतो."

"आणि मग?"

मग चौकट जाईल आणि नळकांडं येईल, हे त्याने सांगितलं. आज तो सगळंच सांगत सुटला होता. आजी पुन्हा सतरा नंबरसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"इतकी वर्षं डोळे मिटले की तिथे कोणी नसायचं," त्या म्हणाल्या. "रिकामी खुर्ची असते ना, तसं. सवय होती मला त्याची. महिनाभरापूर्वी पेपर आला, तेव्हापासून तिथे ही बसलीय. आत्तासुद्धा मिटले तर हीच आहे." त्यांनी खरंच डोळे मिटले. "तू म्हणतोस ही नाही. बरं, नाही. उठव मग हिला तिथून."

त्याच्याकडे पॅनलावरचा फोटो उतरवायचं स्टूल होतं, पाने होते, खिशात स्क्रू होते. तो नुसता उभा राहिला.

तेवढ्यात क्युरेटरबाई फुलं, छायाचित्रकार आणि रडवेला चेहरा घेऊन आल्या. अर्धविरामकडे त्यांनी पाहिलं, सांगितलं अशी त्याने मान हलवली, आणि बाईंच्या हातातली फुलं खाली आली. छायाचित्रकाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने आजींना चौकटीशेजारी उभं केलं, हनुवटी जरा वर घ्या म्हणाला आणि वर स्वतःहून म्हणाला, की कान अगदी आईवर गेलेत. क्युरेटरबाईंनी आजींकडे पाहिलं. अर्धविरामने आजींकडे पाहिलं. आजींनी हनुवटी जरा वर घेतली.

भेटीच्या प्रतीचं काय करायचं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. जिन्याच्या तोंडाशी आजींनीच काठीने खाकी पुडक्याकडे खूण केली. तो ते घेऊन त्यांच्यामागे उतरला, टॅक्सीच्या मागच्या सीटवर उभं करून ठेवलं. ब्रेक लागला तर पडेल म्हणून आजींनी एक हात त्याच्यापुढे आडवा धरला. टॅक्सी स्टेशनकडे निघताना त्याने सुरू केलेलं वाक्य या खेपेला सवयीप्रमाणे अर्ध्यावर सोडलं.

संध्याकाळी मावशी दारातच उभी होती. सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. कशी आहे, तिने विचारलं. तब्येतीने बरी आहे, तो म्हणाला. कशी दिसते, तर ठेंगणी, नीटनेटकी. सांगितलंस का तिला? सांगितलं. काही उपयोग झाला का? त्याने नाही म्हटलं. मावशीने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"आता कुठे असेल?"

"गाडीत. पोचायला उद्या सकाळ होईल."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

मावशी खुर्चीतून उठली.

"बहात्तर वर्षांची पोर," ती म्हणाली, "आणि एकटीला बसवून आलास तू?"

त्याने ग्लास उचलला, पाणी प्यायला, आणि रिकामा ग्लास तसाच तोंडाशी धरून बसला.